वाळूतले चाक

नामिबियातील सोसुस्फ्लेईच्या वाळूच्या टेकड्या चढायला स्वतः मोटार हाकीत निघालात, असे समजा. सेस्रिएमपासून सुमारे ६० किलोमीटर डांबरी सडक. शेवटचे ५ किलोमीटर मात्र भुसभुशीत वाळू. मोटार २००० किलोग्रॅमची, म्हणजे प्रत्येक चाकावर ५०० किलोग्रॅम भार. टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने २५० चौरस सेंटिमीटर. दाब निम्मा करा. क्षेत्रफळ दुप्पट होते, चाक कमी रुतते. (उंटाचा पसरट तळवा आठवा!) डांबरीवर परतताच मात्र हवा भरलीच पाहिजे, मऊ टायर दर फेऱ्याला चेपून तापतो, वेगात फुटूही शकतो. तेव्हा पंप हवाच.

आणि पाणी? भर उन्हात वाळू उपसताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. दोघे जण चार तास अडकले तर? गुणाकार तुम्हीच करा. रेडिएटरचे पाणी वेगळे धरा.