शेतभेटीस निघण्यापूर्वी धोक्याचा अंदाज

विस्तार कार्यकर्ता शेतावर जातो तेव्हा तो दुसऱ्याच्या कामाच्या जागी जात असतो, ही साधी गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. विहिरीवरील कोणती फळी कुजली आहे, मोटारीच्या पेटीस कोणत्या बाजूने हात लावला असता झटका बसतो, बांधावरील कोणत्या वारुळाजवळून जावयाचे नाही, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच तो ते बोलून दाखवीत नाही. रोजच्या सवयीने त्यात त्यास धोका दिसेनासा झालेला असतो. पाहुण्यास मात्र ह्यांपैकी काहीच ठाऊक नसते. शिवाय त्याचे सर्व लक्ष पानामागील किडीकडे लागलेले असल्यामुळे पायाखाली अथवा डोक्यावर पाहण्याचे त्यास भान राहत नाही. एकाची सवय व दुसऱ्याचे अज्ञान ह्यांची जेथे गाठ पडते तेथे अपघातास वाव मिळतो.

म्हणून धोक्याचा अंदाज बांधावर पोहोचल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वीच घेणे अवश्य आहे. त्यास फारशी साधनसामग्री लागत नाही. आदल्या सायंकाळी शेतकऱ्यास दूरध्वनी करून काही नेमके प्रश्न विचारावे. त्या शेतात अथवा लगतच्या शेतात शेवटची फवारणी केव्हा व कोणत्या औषधाची झाली? शेतावर जाण्याची वाट कोणती व वाटेतील ओढ्यास पाणी किती आहे? त्या दिवशी मळणीयंत्र, रोटाव्हेटर असे कोणते यंत्र चालू राहणार आहे? जे पाहावयाचे आहे ते विहीर, खड्डा, विजेची तार अथवा मारके जनावर ह्यांच्या जवळ आहे काय? “काही धोका आहे काय?” असे मोघम विचारल्यास “काही नाही साहेब, या तुम्ही,” हेच उत्तर मिळते. “काल फवारलेल्या औषधाच्या डब्यावर कोणत्या रंगाचा त्रिकोण आहे?” असे विचारले तर शेतकरी उठून डबा पाहतो.

ह्या त्रिकोणाचा अर्थ प्रत्येक कार्यकर्त्यास तोंडपाठ असला पाहिजे. लाल त्रिकोण असलेले औषध अत्यंत विषारी, पिवळा त्रिकोण असलेले त्याहून कमी परंतु तीव्र विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा त्यामानाने सौम्य असतो. हिरवा रंग म्हणजे निर्धास्तपणाची खूण मात्र नव्हे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी झाडे नेहमीपेक्षा उंच वाढली होती, त्यामुळे फवारा वरच्या बाजूस मारावा लागून तो तोंडावर व छातीवर येत होता. कित्येकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती, आणि हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे ह्यांचा वापर क्वचितच होत होता. ही सर्व लक्षणे डोळ्यांनी दिसणारी होती. पिकाची उंची, वाऱ्याची दिशा व माणसाच्या अंगावरील कपडे ही तिन्ही किडीच्या आधी पाहावयाची असतात.

फवारलेल्या शेतात केव्हा शिरावे, हा प्रश्न ह्यातूनच निघतो. डब्यावरील पत्रकात मुदत दिली असल्यास तीच पाळावी. दिली नसल्यास निदान चोवीस तास, आणि लाल अथवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध असल्यास दोन दिवस शेताबाहेर राहावे. सकाळच्या दवात भिजलेल्या कपाशीतून चालल्यास पानांवरील औषध कपड्यांतून अंगास लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भेटीच्या वेळीच फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे. शेतकरी भिजल्या कपड्यांनिशी बोलावयास आला तर प्रथम त्यास हातपाय व तोंड साबणाने धुऊन कपडे बदलावयास सांगावे. चर्चा त्यानंतर करावी. डोके दुखणे, घाम सुटणे, तोंडास लाळ येणे, दृष्टी अंधुक होणे, उलटी होणे ही चिन्हे दिसताच रुग्णास दवाखान्यात हलवावे व औषधाचा डबा अथवा पत्रक बरोबर न्यावे. उतारा कोणता द्यावयाचा हे डॉक्टरांस त्यावरून लवकर ठरविता येते.

विहिरी व खड्डे ह्यांबाबत अधिक विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण तेथील धोका दिसत नाही. एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील वाकडी येथे एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ती विहीर वापरात नव्हती. गोबरगॅसचे शेणकाल्याचे पाणी तीत साठविले जात होते. मांजरास काढावयास एक जण उतरला व तेथेच अडकला. त्यास वाचविण्यास दुसरा उतरला, त्याच्यामागे तिसरा. असे सहा जण खाली गेले आणि त्यांपैकी पाच मरण पावले. जो वाचला त्याच्या कमरेस दोर बांधलेला होता.

शेण, पालापाचोळा व सांडपाणी कुजताना मिथेन, कर्बवायू व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा. परंतु त्याचे प्रमाण वाढले म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. सबब वास येत नाही म्हणून जागा निर्धोक समजणे ही घोडचूक होय. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल कित्येक गावांत अद्याप सांगितली जाते. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. तो जळत राहिला तरी विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही, आणि मिथेन साठलेला असल्यास तोच कंदील भडका उडवू शकतो. ही चाल आता सोडून दिली पाहिजे. कार्यकर्त्याने स्वतः विहिरीत, शेणकाल्याच्या खड्ड्यात, धान्याच्या पेवात अथवा बंद टाकीत उतरू नये व शेतकऱ्यासही केवळ दाखविण्यासाठी उतरू देऊ नये. कोणी आत पडलाच तर त्याच्यामागे उडी न घेता दोर सोडावा, लोकांस हाक मारावी व अग्निशमन दल अथवा पोलीस ह्यांस कळवावे. माणूस डोळ्यांदेखत बुडत असता असे थांबणे फार कठीण आहे. म्हणूनच त्याची चर्चा आधी, शांत चित्ताने, गावाच्या बैठकीत होणे इष्ट होय.

विजेबाबत थोडक्यात एवढेच की, ओल्या पायांनी पंपाच्या पेटीस हात लावू नये, लोंबणाऱ्या तारेखाली उभे राहू नये व खांबाच्या ताणतारेस टेकू नये. रानडुकरांच्या उपद्रवामुळे काही ठिकाणी कुंपणात चोरून विद्युतप्रवाह सोडला जातो. हे बेकायदेशीर तर आहेच, पण त्यात माणसेही मेली आहेत. अनोळखी शिवारात अंधार असताना कुंपण ओलांडण्याचा प्रसंग येऊच नये, अशा बेताने भेटीची वेळ ठरवावी.

आकाशातील विजेसाठी वेळ हाच मुख्य उपाय आहे. विदर्भ व मराठवाड्यात मृगाच्या आधीची व परतीच्या पावसाची वादळे बहुधा दुपारनंतर येतात. त्या दिवसांत भेटी सकाळी आटोपाव्या. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप भ्रमणध्वनीवर पाहावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर ती सुमारे एक किलोमीटरवर आहे. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले की पक्के घर अथवा बंद मोटारगाडी गाठावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आंब्याच्या अथवा लिंबाच्या झाडाखाली उभे राहण्याची सवय मात्र पावसाहून अधिक घातक आहे.

प्रदेशपरत्वे धोके बदलतात. जुन्नरकडील उसात बिबट्याचा वावर असतो. तेथे एकट्याने उसाच्या फडात शिरू नये. कोकणात भाताच्या चिखलात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पायास जखम असेल तर गमबूट घातल्याखेरीज खाचरात पाऊल टाकू नये. सिंधुदुर्गातील दोडामार्ग व लगतच्या गोव्यातील सत्तरी ह्या भागांत अनुक्रमे २०१६ व २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडीच्या चावण्याने होतो, आणि काजूच्या हंगामातच, म्हणजे जानेवारी ते मे ह्या काळात, त्याचा जोर असतो. वाटेत मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे. सर्पदंश सर्वत्रच संभवतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर एकच सर्पविषप्रतिबंधक लस चालते. ती जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, परंतु शिवारात आवाज पोहोचत नसेल तर क्रमांक पाठ असून उपयोग नाही. कोणत्या गावी, कोणाच्या शेतावर, केव्हापर्यंत, हे कचेरीत अथवा घरी सांगूनच निघावे.

शेतावर पोहोचल्यावर पाच मिनिटे बांधावरच थांबावे. आदल्या दिवशी जे ऐकले ते तसेच आहे काय, हे पाहावे. बहुधा काहीतरी बदललेले असते. शेजाऱ्याने पहाटेच पंप लावलेला असतो, किंवा मळणीयंत्र आज येणार नव्हते ते आलेले असते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, जी छापील तपासणी-तक्त्यांत नसते. कार्यकर्त्याच्या येण्यानेच कधी कधी धोका उत्पन्न होतो. पाहुण्यास चालते यंत्र दाखवावे म्हणून शेतकरी घाईने मळणीयंत्र सुरू करतो व बाजूस काढून ठेवलेले झाकण लावावयाचे विसरतो. मुले गोळा होतात. “एवढ्या लांबून आलात साहेब, विहिरीचे पाणी तरी पाहून जा,” असा आग्रह होतो, आणि वयाने वडील असलेल्या माणसास नाही म्हणणे तरुण कार्यकर्त्यास जड जाते. त्याने “काका, आज वरूनच पाहतो, फळी बदलली की पुन्हा येईन,” असे मोकळेपणाने सांगावे. ह्यात शेतकऱ्याचा अपमान होत नाही. उलट फळी बदलण्याचे काम, जे दोन वर्षे राहिले होते, ते बहुधा त्या आठवड्यातच होते.

वरिष्ठांनीही आपल्या बाजूने काही सोडले पाहिजे. महिन्याच्या भेटींचा आकडा पुरा झालाच पाहिजे असा तगादा असेल, तर पुलावरून पाणी वाहत असतानाही कार्यकर्ता मोटारसायकल पुढे घालणारच. धोका पाहून पुढे ढकललेली भेट ही कामचुकारपणा न समजता तशी नोंद मान्य करावी. तक्ता भेटीनंतर संध्याकाळी कचेरीत बसून भरला जात असेल, तर तो न भरलेलाच बरा.

भेट आटोपल्यावर दैनंदिनीत पिकाच्या नोंदीखाली दोन ओळी जागेविषयी लिहाव्या: पश्चिमेकडील विहिरीस कठडा नाही, ओढ्याकडील वाट श्रावणात बंद, पंपाची पेटी उघडी, कुत्रे मोकळे असते. बदली झाल्यावर त्या शेतावर प्रथमच जाणारा नवा कार्यकर्ता निघण्यापूर्वी ही दैनंदिनी उघडून पाहील.