मोटर लावण्याआधी शटर हाताने उचलून पाहा

शटर जड झालं म्हणून मोटर बसवायची, ही समजूत उलटी आहे. जड शटरला आधी दुरुस्ती लागते. मोटर त्यानंतर, आणि तीसुद्धा मुळात हलक्या चालणाऱ्या शटरलाच. केळझरात, बुटीबोरी-वर्धा रस्त्याच्या अंगाला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आता कुणी "तुमच्यासारखी मोटर लावायची म्हणतो" असं विचारायला आलं, की मी त्याला कंपनी, किंमत, रिमोट यांतलं काहीच सांगत नाही. एवढंच विचारतो, "लाइन गेल्यावर तुमचं शटर कसं चालते?"

आमचं शटर बाबांच्या काळातलं, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. गेली काही वर्षं ते उघडायला दोन माणसं लागायची, एक आकडीने ओढायला आणि दुसरा खालून खांदा द्यायला. बाबांची कंबर धरली तेव्हा घरात मोटरीचा विषय निघाला. आलेल्या मिस्त्रीने शटरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, मोटर लावा, मंग पाहा, एका बोटावर चालते." खरंच चालायला लागलं. दुकानासमोरची पोरं ते बघायला उभी राहायची.

त्या बोटाखाली काय चाललं होतं ते आधी समजून घ्या. वरच्या पाइपात ज्या स्प्रिंगा असतात, त्या शटर खाली येताना पिळत जातात आणि उघडताना तोच पीळ शटरला वर खेचतो. सरकारी बांधकामांत नेहमी वापरली जाणारी शटरची पट्टी १.२५ मिलिमीटर जाडीची असते. तेवढ्या जाडीचा सपाट पत्रा चौरस मीटरला जवळपास १० किलो भरतो. पट्ट्यांच्या कडा एकमेकींत गुंतवायला वळवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वजन त्याहून वाढतं. खालची जाड पट्टी धरली तर आमच्या मापाचं शटर शंभर किलोच्या बरंच वर जातं. स्प्रिंगा चांगल्या असतील तर यातलं बहुतेक वजन त्याच पेलतात आणि मोटरीला उरलेला फरक तेवढा ओढावा लागतो. आमच्या दोन स्प्रिंगा पार ढिल्या पडल्या होत्या. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ मोटर एकटीच ते धूड ओढत होती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळं झकास दिसत होतं.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. लाइट मंद झाले होते. बंद करायला घेतलेलं शटर मध्येच उलट वर घ्यावं लागलं, कारण दोन पोती बाहेर राहिली होती. ते छातीइतकं वर आलं आणि थांबलं. मोटर नुसती घुमत राहिली, वार्निश जळाल्याचा वास आला आणि मग आवाजही बंद झाला. मोटरीचा ब्रेक सोडणारी केबल असते, ती ओढून शटर हाताने खाली घ्यायचं ठरलं. केबल ओढल्याबरोबर शटर सुटलं ते थेट ओट्यावर. शहाबादी फरशीचे तीन तुकडे झाले, खालची पट्टी मधोमध वाकली आणि दोन्ही टोकं गाइडमध्ये रुतून बसली. पोती आत नेणारा आमचा पोरगा नुकताच उंबऱ्याच्या आत गेला होता. आत तो, बाहेर आम्ही, आणि दुकानाला दार एकच. शेवटी पलीकडच्या पंक्चरवाल्याने ट्रकचा जॅक आणला. तो खाली घालून पट्टी वीतभर वर घेतली आणि पोरगा पोटावर सरपटत बाहेर आला. बाहेर येऊन पहिलं काय विचारलं, तर "दुकान उघडं ठेवायचं का आता रातभर?"

ब्रेक सोडल्यावर शटर पडलं, यात ब्रेकचा दोष नव्हता. त्याला धरून ठेवणारं दुसरं काही उरलंच नव्हतं.

म्हणून पहिली परीक्षा हाताची. कुलपं काढा, शटर कमरेइतकं उचला आणि हलकेच सोडा. पण पाय आणि बोटं खाली ठेवू नका. ते जागीच थांबलं किंवा जरासं सरकून थांबलं तर स्प्रिंगा ठीक आहेत. धाडकन खाली आलं किंवा आपोआप वर पळालं, तर मोटरीचं बोलणं तिथेच थांबवा आणि स्प्रिंगांचं काम आधी करून घ्या. ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवा. पीळ भरलेल्या पाइपाचे बोल्ट घरच्या पान्याने सैल करायला गेलं तर पाइप गरकन फिरतो, आणि हात तिथेच असतो. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत राहतो. तिथे घराच्या गॅरेजचं दार छताखाली आडवं सरकत जातं. त्याच्या मोटरीच्या पुस्तकातही हेच लिहिलंय: लाल दोरी ओढून मोटर सोडवा, दार अर्धं उचला, थांबतं का पाहा.

मोटरीचे ढोबळ दोन प्रकार. स्प्रिंगच्या शटरला पाइपाच्या मध्यावर बसणारी मोटर चालते. बिनस्प्रिंगच्या मोठ्या शटरला बाजूची मोटर लागते, जी साखळीने पाइप फिरवते. तिथे सगळा भार साखळी आणि गिअरवर असतो. साखळी तुटली तर शटर अडवायला पाइपाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा सुरक्षा-ब्रेक बसवतात. तो खर्चिक वाटतो म्हणून लोक गाळतात. मी गाळला नसता.

एकाच दाराचं दुकान असेल तर आणखी एक पेच आहे. बाजूच्या मोटरीला लाइन नसताना वापरायची हातसाखळी असते, पण ती असते आतल्या बाजूला. सकाळी लाइन गेलेली असेल तर तुम्ही रिमोट घेऊन रस्त्यावर आणि साखळी आत. मागचं दार तरी हवं, नाहीतर बाहेरून किल्लीने ब्रेक सोडायची पेटी, नाहीतर बॅटरीचा आधार. आम्ही किल्लीची पेटी घेतली. किल्ली घरी असते, अर्थात दुकानात नाही. हसू नका, ती दुकानात ठेवणारे मला माहीत आहेत.

व्होल्टेजचं गणितही क्रूर आहे. अशा मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० च्या जागी १८० आले तर जोर साधारण साठ टक्क्यांवर येतो, आणि संध्याकाळी १८० येणं आमच्याकडे नवलाचं नाही. म्हणून मोटर काठावरची घेऊ नका. शटरचं वजन अंदाजाने न सांगता मिस्त्रीला पट्टीची जाडी मोजायला लावा. त्यात मोटर बसते वर, कव्हरच्या आत, टिनाला लागून. मे महिन्यात तिथे भट्टी असते. या मोटरी सलग काही मिनिटं चालायच्याच लायकीच्या असतात, तापल्या की स्वतःच बंद पडतात. अशा वेळी बटण दाबत राहू नका, तिला निवू द्या.

अर्थिंगवर मात्र मी भांडतो. शटर म्हणजे दहा फुटांची लोखंडी भिंत, आणि पावसात भिजलेला प्रत्येक माणूस तिला टेकतो. मोटरीची लाइन बोर्डापासून वेगळी आणा, तिला स्वतःचा एमसीबी द्या आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीवर तुटणारा आरसीसीबी लावा. मोटरीचं आणि शटरचं अर्थिंग मीटरने तपासून घ्या. नुसती हिरवी वायर दिसली म्हणून समाधान मानू नका. तिचं दुसरं टोक कुठे गेलंय ते विचारा. आमच्या हिरव्या वायरचं दुसरं टोक कव्हरमागे नुसतंच लोंबत होतं.

खालच्या कुलपांचा विसर पडतो. कुलूप लागलेलं असताना रिमोट दाबला तर मोटर ओढतच राहते, आणि कड्या किंवा पट्ट्या वाकतात. एक तर कड्या कापून टाका, नाहीतर कुलूप असताना मोटर सुरूच होणार नाही असा स्विच तिथे बसवून घ्या.

आणि माणसं. केळझरच्या टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला चतुर्थीची गर्दी असते. सर आली की बायामुलं आमच्या ओट्यावर, बरोबर शटरच्या रेषेत उभी राहतात. अमेरिकेत मोटरवर चालणाऱ्या गॅरेजच्या दारांखाली लहान मुलं दबून दगावली, तेव्हा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तिथे बनणाऱ्या घरगुती गॅरेज-मोटरींना अडथळा ओळखून दार उलटं फिरवण्याची सोय सक्तीची झाली. बहुतेक ठिकाणी जमिनीपासून सहा इंचांच्या आत समोरासमोर दोन डोळे बसवतात, मधला किरण तुटला की दार परत वर जातं. तसे सेन्सर आपल्याकडेही मिळतात, फक्त मागावे लागतात. आमच्याकडे असे दोन पुढे बसवलेत. शेळ्यांमुळे ते सारखे अडतात, ही बाबांची तक्रार आहे, ती मी ऐकून घेतो. शिवाय बंद करायचं बटण आम्ही भिंतीवरचंच वापरतो, दाबून धरलं तरच चालणारं. हात सुटला की शटर थांबतं. रिमोटने बंद करायचं नाही, कारण रिमोट दाबणारा माणूस गाडीवर बसून पाठमोराही असू शकतो.

रिमोट घ्याल तो दर वेळी कोड बदलणारा घ्या. जुन्या पद्धतीच्या रिमोटची नक्कल सहज निघते. गाइडमध्ये घट्ट ग्रीस मारू नका, हायवेची धूळ त्यात बसून लगदा होतो. गाइड कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा हलका फवारा मारा, पुरे होतं.

बिल करताना त्यावर मोटरीची किलोतली क्षमता, शटरचं धरलेलं वजन, स्प्रिंगा बदलल्या की जुन्याच ठेवल्या आणि हमी कशाकशाची, हे मिस्त्रीच्या हातचं लिहून घ्या. आमच्या पहिल्या बिलावर नुसतं "शटर मोटर, १ नग" होतं. तेवढ्यावर भांडणार तरी काय!