निद्रित पहारेकऱ्यांस जागविणारे लहान रेणू

आपल्या धनजसारख्या गावी कोणास तोंडाचा कर्करोग झाला म्हणजे घरची मंडळी दोन प्रश्न करतात: यावर औषध आहे काय, आणि ते आपणांस झेपेल काय? आज शास्त्रज्ञ ज्या लहान रेणूंच्या शोधात आहेत, त्यांचा संबंध या दोन्ही प्रश्नांशी आहे. म्हणून आम्ही हा विषय येथे योजिला आहे.

आपल्या रक्तातील टी-पेशी हे शरीराचे पहारेकरी होत. बिघडलेली पेशी दिसताच ते तिचा नाश करितात. परंतु त्यांनी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून निसर्गाने त्यांस लगामही घातले आहेत. कर्करोगाची पेशी मोठी कावेबाज. ती तोच लगाम खेचून पहारेकऱ्यास स्तब्ध करिते. हे लगाम सैल करण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकू होंजो यांस २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या शोधातून निघालेली औषधे म्हणजे प्रतिपिंडे. ती गुणकारी, पण फार महाग. १९४१ साली मुंबईत उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी यावर एक युक्ती केली. डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांस त्यांनी स्वस्त गोळ्या दिल्या. त्यांपैकी निम्म्यांस निव्होलुमॅब हे प्रतिपिंडही दिले, पण रूढ २४० मिलिग्रॅमऐवजी अवघे २० मिलिग्रॅम. एका वर्षानंतर केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे १६ जण हयात होते. प्रतिपिंड मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ४३. हा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला.

तरीही अडचण उरतेच. प्रतिपिंड हा प्रचंड रेणू. ॲस्पिरिनच्या सुमारे आठशे पट जड. तो पोटात पचून जातो, म्हणून सुईवाटेच द्यावा लागतो, आणि तोवर थंडीत जपावा लागतो. लहान रेणूचे तसे नसते. त्याची गोळी बहुधा गिळता येते, डबीत घालून खेड्यात नेता येते, आणि तो पेशीच्या आतही शिरू शकतो.

असा रेणू शोधावा कसा? लहान लहान खळग्यांच्या तबकड्यांत प्रतिकारक पेशी ठेवून हजारो रसायने एकेक करून त्यांवर घालतात. ज्याने पेशी जागृत होतात ते निवडून त्याची घडण किंचित बदलीत सुधारतात. मग प्राण्यांवर व शेवटी माणसांवर परीक्षा होते. हे काम वर्षानुवर्षे चालते.

यश मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. प्रथम चामखिळींवर वापरलेल्या इमिक्विमोड मलमास २००४ साली अमेरिकेत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. थॅलिडोमाइडची कथा तर विलक्षणच. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यामुळे हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली, आणि १९६१ साली जर्मनीत ते बाजारातून काढून घेण्यात आले. पुढे त्याच रेणूत थोडा पालट करून लेनालिडोमाइड घडविले. ते अस्थिमज्जेतील मायलोमा या कर्करोगाच्या पेशी मारते व टी-पेशींस चेतविते. गरोदरपणी मात्र तेही वर्ज्यच.

उलट, एपाकॅडोस्टॅट या गोळीवर मोठी आशा होती. पण ७०० हून अधिक रुग्णांवरील परीक्षेत तिचा लाभ दिसला नाही, असे २०१८ साली कळले. तबकडीत जिंकलेला रेणू माणसात हरू शकतो. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवून कर्करोग बरा करू’ अशी जाहिरात करणाऱ्या चूर्णांवर आमच्या पालकवर्गाने विश्वास ठेवू नये. याची परीक्षा कोणी, किती रुग्णांवर केली, असे आधी विचारावे. पहारेकरी बेताबाहेर चेतले तर ते आपल्याच फुप्फुसांवर वा आतड्यांवर उलटतात, हेही ध्यानी असावे.

विद्यार्थीमित्रांनो, रसायनशास्त्राचे जे पुस्तक तुम्हांस नीरस वाटते, त्यातील रेणूंच्या आकृतींतच या शोधाचे बीज आहे. आपल्या खेड्यापर्यंत पोहोचेल अशी गोळी कदाचित तुमच्यापैकीच कोणी शोधून काढील. तोवर एक उपाय प्रत्येकाच्या हाती आहे, आणि त्यास पैसाही लागत नाही: खर्रा व तंबाखू यांस स्पर्श करू नका, आणि तोंडात न भरणारी जखम वा पांढरा चट्टा दिसताच वडील मंडळींस डॉक्टरांकडे न्या.