चंद्रकला आणि मोमिनाचा मासिक हिशेब

काही महिन्यांपूर्वी आमच्या मशिदीतील साप्ताहिक दर्स संपल्यावर स्त्रियांच्या बाजूने एक चिठ्ठी आली. लिहिणारी मुलगी महाविद्यालयात शिकणारी होती. तिच्या मैत्रिणी चंद्राच्या कलांप्रमाणे एक ‘साधना’ करतात, असे तिने लिहिले होते. अमावास्येनंतर कागदावर इच्छा लिहायच्या, पौर्णिमेच्या रात्री पाण्याचा पेला चांदण्यात ठेवून ते पाणी प्यायचे आणि चंद्र उतरणीला लागला की मनातील नको ते ‘सोडून द्यायचे’. यामुळे मन शांत होते, लेखन सुचते, असे त्या सांगतात. शेवटी तिचा प्रश्न होता: मी हे करू शकते का? आणि करू शकत नसेन, तर आपल्या दीनमध्ये चंद्राकडे पाहून करण्यासारखे काहीच नाही का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड नव्हते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला संकोच वाटला. ज्या समाजाचा रोजा, ईद, हज, जकात आणि इद्दत हे सारे चंद्रावर मोजले जाते, त्या समाजातील सुशिक्षित मुलीला असा प्रश्न पडावा, यात दोष तिचा नाही. आपण रमजान व ईद या दोन चाँदरातींपुरताच चंद्र शिल्लक ठेवला आहे. उरलेले दहा हिलाल आपल्या छपरांवरून न पाहताच मावळून जातात.

चंद्र कशासाठी?

लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना नव्या चंद्रांविषयी विचारले, तेव्हा कुरआनने दिलेले उत्तर सूरह अल-बकराच्या १८९ व्या आयतीत आहे. हे हिलाल लोकांसाठी आणि हजसाठी कालनिश्चितीची साधने आहेत, असा त्याचा आशय. सूरह यूनुसच्या ५ व्या आयतीत सांगितले आहे की अल्लाहने चंद्राच्या मंजिली ठरविल्या, त्या वर्षांची संख्या व हिशेब माणसाला कळावा म्हणून. सूरह यासीनच्या ३९ व्या आयतीत मंजिलीमागून मंजिल ओलांडत चंद्र अखेर खजुराच्या जुन्या, वाळून वाकलेल्या देठासारखा होतो, असे वर्णन येते. मराठीत आपण ‘चंद्रकोर’ म्हणतो. अरबाच्या डोळ्यासमोर त्याच्या अंगणातील खजूर होता.

या आयतींतून एक गोष्ट स्पष्ट होते. चंद्र ही निशाणी आहे, शक्ती नव्हे. तो वेळ सांगतो, नशीब देत नाही. म्हणूनच सूरह हामीम अस-सजदाच्या ३७ व्या आयतीत सूर्याला वा चंद्राला सजदा न करता त्यांच्या निर्मात्याला सजदा करण्याची आज्ञा आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या लोकांसमोर हाच युक्तिवाद मांडला. सूरह अल-अनआममध्ये ते तेजस्वी चंद्राकडे निर्देश करतात आणि तो मावळताच दाखवून देतात की जो स्वतः अस्ताला जातो, तो पालनकर्ता असू शकत नाही.

प्रेषित (स.) यांच्या जीवनात या शिकवणीची एक कठीण कसोटी आली. हिजरी १० मध्ये त्यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला, असे लोक बोलू लागले. शोकाकुल पित्याला त्यात सांत्वन मिळू शकले असते आणि एखाद्या ढोंग्याला तर मोठी संधी! पण प्रेषित (स.) यांनी तिथल्या तिथे समज दुरुस्त केली: सूर्य व चंद्र अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले तर नमाज व दुआ करा (बुखारी, मुस्लिम). स्वतःच्या पुत्राच्या दफनाच्या दिवशीही ज्यांनी आकाशाला दैवाचे कारण होऊ दिले नाही, त्यांच्या उम्मतने चांदण्यातील पाण्याकडे बरकत मागावी, हे शोभत नाही.

आपल्या घरांतील जुन्या समजुतींनाही हाच न्याय लागू आहे. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस ‘तेरातेजी’ म्हणून अशुभ मानणे, त्या दिवसांत लग्न वा प्रवास टाळणे, ग्रहणात गरोदर स्त्रीला चाकू-सुरी हातात न घेऊ देणे, या गोष्टींना शरीयतमध्ये आधार नाही. सफर महिन्याच्या अशुभतेचे खंडन तर सहीह हदीसमध्ये आलेले आहे. मुलीला चूक दाखवायची आणि आजीच्या तेरातेजीवर गप्प राहायचे, हे इन्साफाचे नव्हे.

अशिक्षितालाही वाचता येणारी दिनदर्शिका

एका चंद्रदर्शनापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. म्हणून महिना कधी २९, तर कधी ३० दिवसांचा असतो. प्रेषित (स.) यांनी हे आपल्या हातांची बोटे दाखवून समजावले. ढगांमुळे चंद्र दिसला नाही तर तीस दिवस पूर्ण करण्याचा हुकूम दिला. मेंढपाळ असो वा आलिम, कोकणातील खलाशी असो वा पुण्यातील प्राध्यापक, ही दिनदर्शिका सर्वांना डोळ्यांनी वाचता येते.

आपले शेजारीही चंद्राचेच महिने पाळतात. मराठी महिना अमावास्येनंतर सुरू होतो. म्हणून हिजरी महिन्याचा हिलाल बहुधा शुद्ध प्रतिपदेच्या किंवा बीजेच्या सायंकाळी दिसतो आणि पौर्णिमा आपल्या चौदाव्या-पंधराव्या तारखेच्या आसपास येते. भेद इतकाच की पंचांगात अधिक मास घालून सणांना ऋतूशी बांधले जाते, तर सूरह अत-तौबाच्या ३६ व ३७ व्या आयतींनी महिन्यांची संख्या बारा ठरवून त्यांना मागेपुढे सरकवण्यास मनाई केली. त्यामुळे आपले चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे राहते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते. सुमारे ३३ वर्षांत रमजान सर्व ऋतूंतून फिरून येतो. कोणा एका प्रदेशाच्या वाट्याला कायमचा उन्हाळा येत नाही आणि कोणाला कायमची थंडीची सवलत मिळत नाही.

दुर्लक्षाची किंमत

चंद्र न पाहण्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण जकातीचे. आपले अनेक व्यापारी बांधव हिशेबाची वही ३१ मार्चला बंद करतात आणि त्याच दिवशी जकात काढतात. परंतु जकातीचे वर्ष चांद्र असते. ज्या चांद्र तारखेला मनुष्य निसाबचा मालक झाला, त्या तारखेपासून ते मोजले जाते. ३३ सौरवर्षांत ३४ चांद्रवर्षे पूर्ण होतात. म्हणजे तेहतीस वर्षे प्रामाणिकपणे ३१ मार्चला अडीच टक्के जकात देणाऱ्याकडेही अखेरीस एका संपूर्ण वर्षाची जकात बाकी राहते. ज्याची जकातपात्र संपत्ती चार लाख रुपये आहे, त्याच्याकडे दहा हजार रुपये हे कोणा विधवेचे, कोणा कर्जबाजाऱ्याचे राहिले. त्याने चोरी केली नाही. त्याने फक्त चंद्राकडे पाहिले नाही. तरी हक्क तो हक्कच.

दुसरे उदाहरण मुलांचे. प्रौढत्वाची अन्य लक्षणे आधी दिसली नाहीत, तर शाफई मतानुसार आणि हनफी मतातील प्रचलित फतव्यानुसार १५ चांद्रवर्षे पूर्ण झाल्यावर मूल बालिग ठरते. इंग्रजी तारखेने हे वय साडेचौदा वर्षांच्या किंचित पुढे येते. आईवडील पंधराव्या वाढदिवसाची वाट पाहत असतात आणि मुलावर नमाज-रोजा पाच महिन्यांहून अधिक काळ आधीच फर्ज झालेला असतो.

तिसरे उदाहरण इद्दतीचे. पतीच्या निधनानंतर चार महिने दहा दिवसांची जी मुदत सूरह अल-बकराच्या २३४ व्या आयतीत आहे, तिचे महिने चांद्र आहेत. दुःखाने खचलेल्या भगिनीला घरातील कोणी चांद्र तारीख सांगू शकत नसेल, तर ती लाज तिची नव्हे, आपली आहे.

महिनाभराची रीत

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आपल्या दीनमध्ये चंद्रासोबत चालण्याची एक सुंदर रीत आहे. तिच्यातील सुन्नत कोणती आणि केवळ सोयीची सवय कोणती, हे मी वेगवेगळे सांगतो, कारण सवयीला सुन्नतचा दर्जा देणे हीही एक चूकच आहे.

हिलाल. इस्लामी दिवस मगरिबपासून सुरू होतो. २९ तारखेच्या सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजावर थोडाच वेळ कोर दिसते. ती दिसताच प्रेषित (स.) दुआ करीत, असे हजरत तलहा (रजि.) यांच्याकडून तिरमिजीमध्ये आले आहे. तिच्यात हा चंद्र बरकत, ईमान, सुरक्षितता व इस्लामसह उगवो, अशी याचना आहे आणि शेवटी चंद्रालाच उद्देशून सांगितले आहे की माझा व तुझा पालनकर्ता एकच अल्लाह आहे. या अखेरच्या वाक्यात संपूर्ण तौहीद आली आहे: आपण चंद्राकडे काही मागत नाही, त्याच्यासोबत उभे राहून मागतो. हे सुन्नत. त्या रात्री वहीत महिन्यासाठी एक-दोन संकल्प लिहिणे, ही केवळ सवय, चांगली सवय.

पौर्णिमा. महिन्याच्या १३, १४ व १५ तारखांना ‘अय्यामे बीज’, म्हणजे उजळ रात्रींचे दिवस, म्हणतात. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषित (स.) यांनी महिन्याचे तीन रोजे याच दिवशी ठेवण्यास सांगितले (तिरमिजी). प्रत्येक नेकीचे फळ दसपट असल्याने महिन्याचे तीन रोजे संपूर्ण महिन्याच्या रोजांसारखे ठरतात. फक्त जिलहिज्जाच्या १३ तारखेला रोजा ठेवू नये, कारण तो तशरीकचा दिवस आहे. याच पूर्णचंद्राकडे पाहून प्रेषित (स.) यांनी सहाबांना शुभवार्ता दिली की जसा हा चंद्र गर्दी-रेटारेटीशिवाय दिसतो, तसे तुम्ही आपल्या पालनकर्त्याला पाहाल, आणि लगेच फज्र व असरची नमाज सांभाळण्याची ताकीद दिली (बुखारी, मुस्लिम). चांदण्यात पेला ठेवण्यापेक्षा चांदणे पाहून फज्रचा गजर लावणे, हा या हदीसचा धडा.

उतरता चंद्र. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात तो मध्यरात्रीनंतर येतो आणि फज्रच्या वेळी पूर्वेला असतो. जो तहज्जुदला उठतो, त्यालाच तो भेटतो. या दिवसांसाठी शरीयतने वेगळी उपासना ठरविलेली नाही; पण आत्मपरीक्षणास हा काळ सोयीचा आहे. सूरह अल-हश्रच्या १८ व्या आयतीत उद्यासाठी आपण काय पुढे पाठवले, हे प्रत्येकाने पाहावे, अशी आज्ञा आहे. हजरत उमर (रजि.) आपला हिशेब घेतला जाण्यापूर्वी स्वतःच तो घेण्याचा उपदेश करीत. म्हणून २७-२८ तारखेला तीच वही उघडावी आणि स्वतःला चार प्रश्न विचारावेत: किती नमाजा कजा झाल्या? कोणाचे मन दुखावले आणि माफी मागितली का? कोणाचे देणे राहिले? अल्लाहच्या कोणत्या देणगीचा शुक्र करायचा राहिला? मग चंद्र दिसेनासा होतो, तेव्हा तौबा करून पान उलटावे. ज्या मुलामुलींना लेखनाची ओढ आहे, त्यांनी या पानांवर मोकळेपणाने लिहावे. सत्यनिष्ठ आत्मपरीक्षणातून येणारे शब्द कोणत्याही इच्छापत्रापेक्षा अधिक काळ टिकतात.

तीन हिलाल

चंद्राने घरचा हिशेब ठेवणे म्हणजे काय, हे उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांनी आपले भाचे उर्वा यांना सांगितले. आम्ही एक हिलाल पाहत असू, मग दुसरा, मग तिसरा, दोन महिन्यांत तीन हिलाल, आणि अल्लाहच्या रसूल (स.) यांच्या घरांत चूल पेटलेली नसे. उर्वा यांनी विचारले, मग जगत कशावर होता? त्यांनी सांगितले की खजूर आणि पाणी यांवर. शिवाय अन्सारी शेजारी कधी दूध पाठवीत (बुखारी, मुस्लिम). त्या घरात चंद्राकडे इच्छांची यादी पाठवली जात नव्हती. त्या घरात चंद्र भुकेचा, सबुरीचा आणि शेजाऱ्यांच्या उपकारांचा साक्षीदार होता.

हे मी त्या मुलीला पुढच्या दर्समध्ये सांगितले. मैत्रिणींची टर उडवू नकोस, असेही सांगितले. त्यांना शांती हवी आहे, आणि ती शोधणे गैर नाही; शोधण्याचा पत्ता चुकला आहे. तुझ्या हातात पत्ता आहे, तर तो त्यांना सौजन्याने दाखव.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या २९ तारखेला मगरिबनंतर मुलांना घेऊन गच्चीवर वा अंगणात जा. कोर दिसली तर दुआ म्हणा. ढग असतील तर तीस पूर्ण करण्याची शिकवण समजावून सांगा. महिन्याची सुरुवात जाहीर करण्याचे काम आपल्या स्थानिक हिलाल समितीचे आहे, त्यावरून वाद नकोत. घरी परतून तीन तारखा वहीत लिहा: आपल्या जकातीची चांद्र तारीख, मुलांच्या जन्माच्या चांद्र तारखा आणि या महिन्याचे अय्यामे बीज. एवढे केले तरी वर्षाचे बारा हिलाल आपल्या घरी ओळखीचे होतील.

अल्लाह आम्हाला वेळेची कदर, हिशेबाची जाण आणि त्याच्या निशाण्यांतून त्यालाच ओळखण्याची बुद्धी देवो. आमीन.