नऊलाच आडवे होऊ नका

प्रश्न : वय 52, धानाची शेती. पाठ टेकली की चुकारे, रोवणीची मजुरी, मुलीची फी डोक्यात फिरायला लागते. दोन-दोन वाजतात. आठ तास भरावेत म्हणून हल्ली नऊलाच आडवा होतो. मेडिकलमधून गोळी घेऊ का?
– एक शेतकरी, सानगडी (ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : भाऊ, घोळ नऊलाच आडवं होण्यात आहे. आठ तास प्रत्येकाला लागतातच असं नाही. अनेकांना सात पुरतात. जागेपणी अंथरुणात तळमळलं, की अंथरूण ही काळजी करायची जागा असं मेंदू शिकतो. डोळे जड झाल्यावरच आडवे व्हा. अंदाजे 20 मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून ओसरीत मंद उजेडात बसा; मोबाइल नको, घड्याळही नको. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. पहिला आठवडा जड जाईल, मग घडी बसते.

चुकाऱ्याचा हिशेब संध्याकाळी सातलाच वहीत मांडा, पुढे 'उद्या काय करायचं' तेवढं लिहा नि वही मिटा. दुपारनंतरचा चहाही सोडा. (हेच सर्वांत अवघड!)

गोळी मनानं घेऊ नका. काहींची सवय लागते, दारूसोबत तर जिवावर बेतू शकतं. झोपेत श्वास अडकत असेल किंवा मन सतत उदास असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री दोनलाही लागतो.