उसाला आपली गोडी कळते का?

प्रश्न : तोडीआधी आम्ही रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स बघतो. आपल्यात साखर किती झाली, हे उसाला स्वतःला कळतं का?
– एक ऊस उत्पादक, कोल्हार (ता. राहाता)

उत्तर : कळतं, पण कांडीतल्या गोडीचा एकच आकडा त्याच्याकडे नसतो. प्रत्येक पेशी आपल्यापुरती नोंद ठेवते.

यातला बराचसा उलगडा मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपावर झाला. ग्लुकोज वापरायला घेताना त्याला फॉस्फेट जोडणारं हेक्सोकायनेज नावाचं विकर असतं. अमेरिकेत जेन शीन यांच्या प्रयोगशाळेने 2003 मध्ये दाखवलं की, हे जोडकाम करण्याची ताकद काढून घेतली तरी हे विकर ग्लुकोजची वर्दी देतच राहतं. म्हणजे एकच रेणू कामगारही आहे आणि पहारेकरीही. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

सुक्रोजची, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेची खबर ट्रेहॅलोज-6-फॉस्फेट देतं. ते पेशीत अगदी नाममात्र असतं, पण सुक्रोजबरोबर वाढतं आणि कमी होतं. ते वाढलं की स्नर्क-1 हे काटकसर करायला लावणारं प्रथिन दबतं आणि वाढीला मोकळीक मिळते. सावली किंवा उपासमार आली की स्नर्क-1 जोर धरतं. वाढ थांबते, साठा मोडायला सुरुवात होते.

आता तुमच्या उसाकडे येऊ. पक्व कांडीतली बहुतेक साखर पेशीतल्या रसाच्या मोठ्या पोकळीत बंद असते, तर हे पहारेकरी पोकळीबाहेर असतात. त्यामुळे कणगी भरलेली असली तरी ते हातातल्या दाण्यांचाच हिशेब करतात. पानाला मात्र मागणीचा अंदाज येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी उसाचं एकच पान उघडं ठेवून बाकीची झाकली, तेव्हा त्या पानातली साखर उतरली आणि त्याचं प्रकाशसंश्लेषण वाढलं. उलट, साखर उचलली गेली नाही तर ती पानातच साचते आणि पान आपलं काम मंद करतं.

थंडीत उतारा का वाढतो, हेही यातून उमगतं. गार रात्री आणि तोडलेलं पाणी यांमुळे वाढ थांबते. पानं मात्र दिवसा साखर करत राहतात आणि ती कांडीत साठते. भरपूर युरिया किंवा अवेळी पाऊस मिळाला, तर तीच साखर नव्या वाढीवर खर्च होते. प्रवरेच्या काठावर 1950 पासून सहकारी कारखाना चालतो आहे. तिथल्या जुन्या शेतकऱ्यांना हे अनुभवाने पाठ आहे.

शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून वाढीला पुरवतं, म्हणून तिकडचा रस पांचट लागतो. तेव्हा पुढच्या वेळी एकाच थेंबावर विसंबू नका. बुडख्याचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स वेगवेगळा मोजा. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस तोडीला आला म्हणून समजा. आणि तोडल्यावर तो फडात पडून राहू देऊ नका, कारण तेच इन्व्हर्टेज नंतरही साखर फोडत राहतं.