थकबाकी भर, पण नावही लावून ये

अगं वैशू, काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. गावाहून नोटीस आली, नऊ वर्षांची घरपट्टी थकली, शेतसाराही राहिलाय. इथल्या, सुरतेतल्या लिंबायतच्या दोन खोल्यांचं वेराबिल (महापालिकेच्या कराचं बिल) तू कधी एक दिवस चुकवलं नाहीस, गावचं मात्र राहून गेलं. लाज वाटून घेऊ नकोस. खान्देशातून लूमवर, मिलमध्ये कामाला आलेल्या कितीतरी घरांत हेच झालंय. बंद घराच्या कडीला मागणीबिल अडकवून शिपाई निघून जातो, ते वाचायला तिथे असतं कोण?

आमचंच सांगते. सासरे गेल्यावर आम्ही दर दिवाळीला एका नातेवाइकाच्या हातात पैसे ठेवायचो. त्यानं भरलेही, पण पावत्या फाडल्या स्वतःच्या नावानं. पुढे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर भोगवटादार म्हणून त्याचंच नाव लागलं. ते काढायला दीड वर्ष खेटे घातले. म्हणून कळवळून सांगते, कुणाच्या हाती पैसे पाठवू नकोस. स्वतः जा.

जायच्या आधी मोबाइलवर महाभूमीच्या साइटवरून सातबारा आणि 8-अ काढ. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. नाव कुणाचं आहे, ते नीट वाच. मग ग्रामसेवकाकडून घरपट्टीचा वर्षवार हिशोब लिहून घे, सवलत चालू आहे का ते विचार. लोकअदालतीची नोटीस असली तरी घाबरू नकोस, तिथे तडजोड होते. शेतसारा तलाठी आप्पांकडे. प्रत्येक पैशाची पावती घे, आणि त्यावर मालमत्ता क्रमांक बघ.

साऱ्याची रक्कम किरकोळ, म्हणून टाळू मात्र नकोस. सारा थकून जमीन लिलावात निघाली आणि कुणी बोली लावली नाही, की ती सरकारजमा होते. तिलाच आकारी पड म्हणतात. बारा वर्षांत बाकी भरली तर सुटते. मुदत उलटलेल्यांसाठी जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळानं वाट काढली खरी, पण त्यासाठी बाजारमूल्याचे ठरावीक टक्के मोजायचे. कुठे शे-दोनशे रुपये, कुठे ते!

आणि वैशू, खरं दुखणं थकबाकीचं नाहीच. सातबाऱ्यावर अजून तुझ्या सासऱ्यांचं नाव आहे ना? मग पावत्या कितीही साठव, पावतीनं मालकी सिद्ध होत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन वारस नोंदीचा अर्ज त्याच फेरीत दे. नणंदांची नावं वगळू नकोस गं. त्यांचाही हक्क आहे, आणि लपवलेलं उद्या तक्रार होऊन बाहेर येतंच. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस असतात, तेवढे थांब. मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून बघ.

शनिवार-रविवार धरून जाऊ नकोस, कचेऱ्या बंद असतात. सोमवारी उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरू, मीही येते. नवापूरला गाडी थांबली की भाकरी सोडू. अर्धं स्टेशन गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. आपला संसारही तसाच आहे, बाई. इकडची बाजू तू चोख सांभाळलीस, आता तिकडचीही सांभाळ.